बाजाराच्या दिवशीचा दवाखाना

अगादीर शहराच्या दक्षिणेला सगळा मुलूख प्लास्टिकच्या पॉलीहाऊसांनी झाकलाय. तिथे इज्जाने बावीस वर्षं टोमॅटो तोडले. नवरा मालट्रक चालवायचा. तो आजाराने गेला तेव्हा डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासलं आणि एचआयव्ही असल्याचं सांगितलं. इज्जाने तपासणीचा कागद पिठाच्या डब्यात दडवला. चार महिने गोळ्या घेतल्या आणि सोडून दिल्या. दोन वर्षांत ती इतकी वाळली की टोमॅटोची पेटी उचलवेना. तेव्हा बतूल नावाची परिचारिका पत्ता विचारत विचारत थेट तिच्या दारात आली.

"दवाखान्याच्या यादीतून तुझं नाव खोडायला निघाले होते," बतूल म्हणाली. "म्हटलं, आधी जिवंत आहे का बघून तरी येऊ."

"बघितलंस ना? मग जा आता."

"चहा न पाजता घालवतेस? कसल्या घरची गं तू?"

चहा झाला, मग दुसरा झाला, आणि पुढच्या मंगळवारी इज्जा बतूलबरोबर शहरातल्या दवाखान्यात गेली. वर्षभरात अंग भरलं, आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. पुढे पाचेक वर्षांनी बतूलने तिलाच कामाला जुंपलं. उपचार सोडून घरी बसलेल्या बायकांना शोधून परत आणायचं.

यादीत चौदा जणी होत्या. दवाखान्याचे डॉक्टर लहलू वैतागून म्हणाले, "औषध फुकट देतो, तरी येत नाहीत. यांना जिवाची पर्वाच नाही."

इज्जाचं टाळकं सरकलं. "डॉक्टरसाहेब, तुमचा दवाखाना नऊला उघडतो, बाराला बंद होतो. आमची मजुरांची गाडी पहाटे पाचला सुटते. एक दिवस बुडवला की मुकादम दुसऱ्या दिवशी उभं करत नाही. पर्वा आहे हो, सवड नाही! तुम्हीच या की आमच्याकडे. रविवारी बाजाराला सगळ्या येतात. बाजारामागच्या आरोग्यकेंद्रात बसा. तिथे कुणी लस टोचून घेतं, कुणी साखर तपासतं. कोण कशाला आलंय, कुणाला कळायचंही नाही."

दोन आठवड्यांनी डॉक्टर खरंच आले. आणि एकही बाई फिरकली नाही. एक वाजेपर्यंत ते खुर्चीत बसून संत्री सोलत होते. इज्जाला मान वर करवेना. जाताना ते एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी परत येतो."

यादीत रकिया नावाची एक तरुण बाई होती, इज्जाच्याच गाडीतली. तिने तीनदा इज्जाच्या तोंडावर दार लावलं होतं. त्या आठवड्यात कुणाला तरी तिच्या पिशवीत गोळ्यांची जुनी डबी दिसली आणि गाडीत कुजबुज सुरू झाली. ताकाचं भांडं हातोहात फिरत रकियापाशी आलं, तशी एकजण ओरडली, "तिला देऊ नका गं! नाहीतर आपल्या पोराबाळांचं काही खरं नाही!"

रकिया लाकडासारखी बसून राहिली. इज्जा गाडीचा दांडा धरून उभी राहिली.

"तिचं मला माहीत नाही. माझं सांगते. नऊ वर्षं झाली, मला एचआयव्ही आहे. नऊ वर्षं तुमच्याच भांड्यातलं ताक पितेय. कोण मेली तुमच्यातली? हात वर करा!"

मग म्हातारी तामो म्हणाली, "मेली तर हात कसा वर करेल गं, येडे?" आणि इज्जाच्या हातात भांडं देऊन म्हणाली, "पी. पण निम्मं ठेव, मागच्या खेपेला सगळं संपवलं होतंस."

इज्जा प्यायली. तामोने तिचं उष्टं ताक सगळ्यांदेखत गटागटा संपवलं.

दुसऱ्या दिवशी बातमी मुकादमापर्यंत गेली. "इज्जा, तू खाली उतर," तो म्हणाला. इज्जा उतरली. पाठोपाठ तामो उतरली. मग रकिया. मग एकेक करत सगळ्या, अगदी काल ओरडलेलीसुद्धा, तोंड पाडून का होईना. टोमॅटो लाल झालेले, माल त्याच दिवशी बंदरावर जायचा होता. मुकादमाने दहा मिनिटं शिव्या घातल्या, पंधराव्या मिनिटाला तो म्हणाला, "बसा आता! इज्जामावशी, तुम्हीही बसा."

त्या रविवारी आरोग्यकेंद्रात रकिया सगळ्यांत आधी हजर होती. सोबत बदाम आणि मध वाटून केलेल्या अम्लूची वाटी. "दाराबाहेर तिष्ठत ठेवलं ना तुम्हाला मावशी, म्हणून." तिच्यामागून आणखी सहा जणी आल्या. त्यातल्या दोघी यादीत नव्हत्याच. त्यांनी आजवर तपासणीच केली नव्हती.

दीड वर्ष डॉक्टरांनी एकही बाजार चुकवला नाही. रमजानात तर ते उपाशीपोटीच येत. एका रविवारी ते बतूलला कागद दाखवत होते. चौदापैकी बारा जणी नियमित येतात आणि बाराही जणींच्या रक्तात विषाणू सापडेनासा झालाय. "माझ्या शहरातल्या दवाखान्यातही असा निकाल नाही," ते इज्जाला म्हणाले.

इज्जाने बाहेर येऊन नावं न घेता फक्त आकडा सांगितला. बाकावरच्या बायकांनी जिभा हलवून लग्नघरात घुमावा तसा आनंदाचा गजर केला. भाजीवाले माना वळवून बघायला लागले. "कुणाचं लग्न गं?" एकाने विचारलं.

"आमचं सगळ्यांचं!" तामो ओरडली. ती तिथे फक्त रक्तदाब मोजायला आली होती.