हिरवेकाकांची ठासणीची बंदूक

हिरवेकाका गराजमध्ये एकटे असले तरी मोठ्याने बोलत. फार काही नाही, एकच शब्द. बंदूक हातात घेतली की आधी गज नळीत सोडून बघायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "रिकामी!" मी अमेरिकेत, रेडमंडला त्यांच्या समोरचं घर भाड्याने घेतलं, त्याच आठवड्यात हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, म्हातारा बायकोशी भांडतोय. गराजचं दार उघडं होतं. आत सत्तरीतला एक उंच, सडपातळ माणूस स्टुलावर बसला होता. समोर जुनी चादर अंथरलेली आणि तिच्यावर लांब नळीची एक बंदूक.

"मराठी?" माझ्या टीशर्टवरचं कॉलेजचं नाव वाचत त्यांनी विचारलं. "ये. बस. पण मागच्या बाजूला बस. नळी रिकामी असली तरी समोर बसायचं नाही."

यशवंत हिरवे मूळचे सिंधुदुर्गातले, कणकवलीच्या पुढच्या एका गावचे. सांगलीला इंजिनिअरिंग करून अमेरिकेत आले आणि विमानांच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची नोकरी झाली. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधायची, हे त्यांनी तीस-बत्तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही ठासणीची बंदूक घेतली. काडतूस नाही, मॅगझिन नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी बसवायची, गजाने ठासायची, मागे तांब्याची टोपी चढवायची. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. इकडे अशा बंदुकांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा सीझन असतो, सप्टेंबरच्या शेवटी, थोडे दिवस.

"सीझन सप्टेंबरात सुरू होत नाही," काका म्हणायचे. "ऑगस्टात होतो. सप्टेंबरात तो फक्त संपतो."

ऑगस्टातले त्यांचे शनिवार ठरलेले असत. एका शनिवारी शिसं वितळवून गोळ्या पाडायच्या. थंड झाल्या की एकेक तराजूत घालायची, आणि गुंजभर कमी भरली तरी परत भांड्यात. दुसऱ्या शनिवारी चिंध्या. त्यासाठी ते भारतातून मांजरपाट आणत. इथली कापडं सैल विणीची, असं त्यांचं मत होतं. कापडाची जाडी मायक्रोमीटरने मोजत आणि मेण-चरबीच्या मिश्रणात चिंध्या बुडवून वाळत घालत. हे मिश्रण गराजमधल्या छोट्या शेगडीवर शिजे, कारण घरातला वास काकूंना चालत नसे.

"माझ्या किचनमध्ये बोकडाचं मटण चालतं," मालतीकाकू मला म्हणाल्या होत्या, "पण ह्यांची ती चरबी नाही. आणि वर्षभर एवढं करून आणतात काय, विचार. तीन वर्षांत एक हरण!"

"एकच बार असतो," काका शांतपणे म्हणाले. "मिळालं तर मिळालं."

त्यांचा शिकारीतला जोडीदार डेल, त्याच कारखान्यातला. एका वर्षी डेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काकूंनी जाहीर केलं की डोंगरात एकट्याने जायचं नाही. म्हणून मी गेलो. मला बंदुकीत रस नव्हता. चार दिवस ऑफिसच्या मीटिंगा कॅन्सल करायला कारण हवं होतं, इतकंच. काकांनी मला नारंगी जॅकेट दिलं आणि एक काम दिलं. बंदुकीची दारू ठेवायचं पोकळ शिंग माझ्या बॅगेत, माझ्या ताब्यात. बूच घट्ट, शिंग कोरडं. "एवढंच बघ. बाकी मी बघतो."

पर्वतरांग ओलांडून पूर्वेकडे गेलं की पाऊस संपतो आणि पिवळ्या गवताच्या टेकड्या लागतात, असं मला सांगितलं होतं. त्या वर्षी तिकडेही पाऊस होता. पहिले तीन दिवस आम्हांला माद्याच दिसल्या, आणि परवानगी फक्त नराची होती. शेवटच्या दिवशी सकाळी मोटेलच्या खोलीत मी बॅग उघडली, तर पाण्याची बाटली गळली होती. शिंगाचं बूच निघालेलं, बॅगेच्या तळाशी थोडी दारू सांडून तिचा काळा चिखल झालेला. मी शिंग टॉवेलने पुसलं. आत बोट घालून पाहिलं, वरवर कोरडं लागलं. बूच लावलं. काका बाथरूममध्ये दाढी करत होते. मी काही बोललो नाही. शेवटचा दिवस होता, आणि त्यांची तपासणी मला माहीत होती. सांगितलं असतं तर त्यांनी जाणंच रद्द केलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटली.

उजाडताना टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी बंदूक भरली. गज खाली ढकलला, गजावरची खूण नळीच्या तोंडाशी जुळवून पाहिली आणि म्हणाले, "भरली." माझ्याकडे बघत राहिले. मीही "भरली" म्हटल्यावरच हलले.

नऊच्या सुमाराला नर आला. खालच्या ओहोळातून वर चढून, आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर तो आडवा उभा राहिला. शिंगांना फाटे स्पष्ट दिसत होते. काकांनी एका खोडाला टेकून नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला.

टप्. फक्त टोपी फुटली.

हरणाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. दोन उड्या मारून ते झुडपांत गेलं. ते कुठे गेलं हे बघायला मी पुढे झालो.

"मागे!" काका ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. बंदूक तशीच टेकडीकडे रोखून ते उभे राहिले. पूर्ण दोन मिनिटं. आतली दारू उशिरानेही पेटू शकते. मग त्यांनी नळीत पाणी सोडलं, गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली, नळी साफ केली. "रिकामी," ते म्हणाले. शिंग मागून घेतलं, तळहातावर दारू ओतली. गुठळ्या पडल्या.

मी जमिनीकडे बघत होतो.

"माझंच चुकलं," काका म्हणाले. "भरताना हातावर घेऊन बघायला हवी होती. म्हातारा झालो मी."

हे बोलले आणि एकदम थबकले. खोडावर बसले. बराच वेळ तळहातावरच्या त्या काळ्या गुठळ्यांकडे बघत राहिले. मग सांगायला लागले.

त्यांच्या वडिलांकडे डुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. काका एकोणीस वर्षांचे, सांगलीहून सुट्टीला आलेले. एका संध्याकाळी त्यांनी बंदूक भरली, शेतावर गेले, डुकरं आली नाहीत. परत येऊन बंदूक तशीच पडवीत टांगली. सकाळची पहिली एसटी पकडून सांगलीला गेले. त्या संध्याकाळी वडिलांनी ती रिकामी समजून पुन्हा भरली. बार काढताच नळी फुटली. डाव्या हाताची दोन बोटं आणि डावा डोळा गेला.

"तार आली, मी पोचलो. बाबा खाटेवर. मला बघून म्हणाले, 'माझाच चुकलां. म्हातारो झालंय मी.' बावन्न वर्षांचा माणूस. मी तिथेच सांगायला हवं होतं. म्हटलं, जखम भरू दे. मग म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग व्हिसा आला. बाबा अठरा वर्षं जगले, प्रत्येकाला तेच सांगत राहिले. म्हणे, मीच दोनदा दारू घातली, माझंच डोकं फिरलं होतं." ते थांबले. "मालतीलाही माहीत नाही हे."

पाऊस थांबला होता.

"काका, बूच निघालं होतं," मी म्हणालो. "बॅगेत पाणी सांडलं होतं. सकाळी बघितलं मी. बोललो नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं. "किती वाजता बघितलंस?"

"साडेपाच."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार तास," ते म्हणाले. "बरा आहेस माझ्यापेक्षा." शिंगातली सगळी दारू त्यांनी ओहोळाच्या पाण्यात सोडून दिली आणि आम्ही गाडीकडे चालू लागलो. परतीच्या वाटेवर त्यांनी ड्राइव्ह करायला मला दिलं.

त्या हिवाळ्यात ते एकटेच गावी गेले. परत आल्यावर मला चहाला बोलावलं. गावच्या घरी त्यांची थोरली बहीण असते, कुसुमताई, पंच्याऐंशीच्या घरातली. काकांनी तिला सगळं सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं.

"म्हणाली, 'बाबांका म्हायत होतां. तू सांगशीत म्हणान वाट बघीत होते.'"

काकू शेजारी बसल्या होत्या, म्हणजे आता त्यांनाही माहीत होतं. काकूंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. सुटका होती की नवी शिक्षा, हे मी अजून सांगू शकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बंदूक डेलला देऊन टाकली. थंडी सोसवेना म्हणून दोघं उष्ण वाळवंटातल्या चँडलरला लेकीकडे राहायला गेले. निरोप देताना काकांनी माझ्याशी हात मिळवला, खांद्यावर थोपटलं, बस. अडीच वर्षांनी काकूंचा फोन आला. झोपेत गेले, त्रास झाला नाही.

मी विमानाने गेलो. दिवसकार्य आटोपल्यावर काकू सांगत होत्या, की आधी वर्षातून एकदा, दिवाळीला, गावी फोन करणारा हा माणूस चँडलरला आल्यापासून दर रविवारी सकाळी कुसुमताईंना फोन लावून तासभर बोलत बसायचा.

"काय बोलायचे एवढं?" मी विचारलं.

"काही नाही रे," काकू म्हणाल्या. "आठवडाभरात जे जे केलं ते सगळं सांगायचे. कुणाला लागेल असं बोललो, औषध घ्यायला विसरलो, नातवाची खेळणी पायाखाली येऊन मोडली. एकदा तर आमटीत मीठ दोनदा पडलं, ते सांगायला मुद्दाम मंगळवारी फोन केला. मी म्हटलं, अहो, रविवारपर्यंत थांबा की. तर म्हणाले, नको, आजच सांगतो."