आमच्या जिभेला खारट लागत न्हाय

सातवीत शाळा सोडली आणि मी मिठागरात गेले, आईबापाबरोबर. लग्न झालं ते पण उरणकडंच, मिठागरवाल्यांच्याच घरात. मीठ म्हंजे काय हे मला कुणी शिकवावं असं कधी वाटलंच न्हाय.

पोरगी आठ महिन्यांची होती. तिला पाण्यासारखे जुलाब लागले. आमचे हे ट्रेलर घेऊन न्हावा शेवा बंदरावरनं गुजरातला गेलेले, घरात मी आणि सासू. दवाखान्याची आशाताई आली, म्हणाली, ओआरएसची पाकिटं संपलीत, उद्या देते, तोवर घरीच कर, लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, पाजायच्या आधी चव घे, खारट लागलं तर फेकून दे. मी तसंच केलं. दारातल्या गोणीतलं आमचंच मीठ, अर्धा चमचा. चव घेतली तर काहीच लागेना. सासूला दिलं.

"ह्यात मीठ कुठं हाय? मिठागरवाल्यांची पोर तू, आणि लेकीला पांचट पाणी पाजतंस व्हय?"

मी अजून घातलं. तिनं चाखलं, मी परत घातलं. मग ती म्हणाली, आता बरोबर. मला पण बरोबर वाटलं. दिवसभर चमच्यानं पाजलं, पोरगी पीतच होती, तिची तहान जाईना, आणि मला बरं वाटत होतं की पिते तरी हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आकडी आली. हातपाय ताठ, डोळे वर. शेजारच्या रिक्षातनं दवाखान्यात नेलं. पायात चप्पल न्हाय हे मला तिथल्या फरशीवर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "सोडियम फार वाढलंय."

"म्हंजे काय?"

"मिठातलंच असतं ते. शरीराला लागतं, त्याच्यावर नसा चालतात, हृदय चालतं. जुलाबात जातं म्हणून परत द्यायचं. पण जास्त झालं की अंगातल्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतं, मेंदूतलंसुद्धा. घरी मीठ किती घातलंत?"

"चिमूटभर," सासू म्हणाली. तिनं माझा दंड धरला होता.

मला कैरीच्या फोडी दिसत होत्या, मीठ चोळून ठेवलं की कसं पाणी सुटतं नि फोडी सुरकुततात.

"आजी, तिला बोलू द्या. बाई, मी ओरडणार नाही. नुसतं पाणी कमी झालंय की मीठ जास्त गेलंय, त्यावर सलाइन ठरतं."

मग मी सगळं बोलले, मधे श्वास न घेता, अर्धा चमचा, मग अजून, मग अजून, मोजलं न्हाय, दोघींनी चाखलं, लहानपणापासनं मिठागरात हाय, वारा पण खाराच येतो तोंडात, आमच्या जिभेला खारट लागत न्हाय. सासूनं दंड सोडला आणि ती बाकावर जाऊन बसली.

बाई म्हणाल्या, सोडियम उतरवायचं, पण हळूहळू, एकदम उतरवलं तर मेंदूला सूज येते. दोन दिवस तेच चाललं. सलाइन, परत रक्त, परत सोडियमचा आकडा. मी आकडा ऐकायची आणि मान हलवायची. रडू आलं न्हाय, भूक लागली न्हाय. नर्सनं दिलेल्या चहावर साय धरली, त्या सायीकडं बघत बसले.

तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला. पोरगी अंगावर प्यायली. सोडताना बाई म्हणाल्या, "आत्ता ठीक आहे. मेंदूला काही झालंय का, ते ती बसेल, चालेल तेव्हा नीट कळेल."

ती बसली, जरा उशिरा. काल तिनं भिंत सोडून तीन पावलं टाकली. सासूनं टाळ्या वाजवल्या, यांना फोन लावला. मी तिथंच बसून तिचा उजवा पाय बघत होते. तो जरा ओढल्यासारखा वाटला. मग ती पडली, उठली आणि परत चालली. मी अजून कुणाला काही बोलले न्हाय.