न आलेल्या कांजिण्या

सुमन कांबळे यांच्या निधनाने महिला क्रीडाक्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. आमच्या प्राचार्यांनी शोकसभेत हे वाक्य डोळे मिटून म्हटलं, आणि पुढच्या सोमवारी ती पोकळी भरली. तासिका तत्त्वावर. नव्या मॅडम कबड्डीच्या आहेत, चांगल्या आहेत, त्यांचा काही दोष नाही. सुमनसुद्धा अशीच कुठली तरी पोकळी भरायला आली होती.

बातमी आली तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजनला होते. शिपाई आत आला आणि कानाशी म्हणाला, "कांबळे मॅडम गेल्या." मी विचारलं, "कुठं?" कारण सुमन सारखी कुठे ना कुठे मुली घेऊन जात असे. शिपायानं मान खाली घातली, आणि मग मला कळलं. कावीळ झाली होती. तिनं ती आधी अंगावर काढली, मग गावठी औषधावर काढली, आणि दवाखान्यात नेली तोवर उशीर झाला होता. मी तिला भेटायला गेले ते एकदाच. पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत ती म्हणाली, "बाई, चैत्र जवळ आला की हो." मी म्हटलं, "यंदा राहू दे." ती भिंतीकडे वळली… आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती आमच्या कॉलेजात आली, जयसिंगपूरहून. विद्यापीठानं मुलींचा फुटबॉल सुरू केला होता आणि प्रत्येक कॉलेजनं संघ पाठवावा अशी अपेक्षा होती. आमचा संघ जायचा, हरायचा, जेवायचा आणि परत यायचा. आमच्याशी सामना पडला की समोरच्या मुली सुट्टी लागल्यासारख्या खूश व्हायच्या. ज्या शहरात पेठेच्या तालमीचा संघ हरला तर माणसं चुलीवरचं कालवण न खाता झोपतात, त्या शहरातल्या मुलींना चेंडूला पाय लावायला कुणी शिकवलं नव्हतं. सुमनलाही नाही. ती खो-खोची खेळाडू. प्राचार्य तिला म्हणाले, "खो-खो काय, फुटबॉल काय, पळायचंच असतं." हे त्यांचं क्रीडाविषयक चिंतन.

मग ती फुटबॉल शिकायला स्टेडियमवर जाऊन बसू लागली, पेठांच्या सामन्यांना. त्या काळी तिथे बाईमाणूस दिसत नसे. एकदा मीही तिच्याबरोबर गेले होते. पुढच्या रांगेतला एक मिशीवाला मागे वळून म्हणाला, "पावणं, चुकून आलासा काय?" सुमन मैदानावरची नजर न काढता म्हणाली, "तिकीट दाखवू काय? आणि जरा खाली बसा की, कॉर्नर दिसंना झालाय." तो बसला. सामना संपेपर्यंत तो वळून वळून तिला ऑफसाइड समजावून सांगत होता.

तिथून ती जे घेऊन आली ते तिनं खो-खोत बसवलं. मुलींना ती सांगायची, "पास म्हणजे खो. दिला की उभं ऱ्हायचं न्हाई, पळायचं. आणि ओरडायचं." सामन्यात आमच्या मुली चेंडू देताना खरोखरच "खो" म्हणून ओरडायच्या. पंचांनी पहिल्यांदा ताकीद दिली, मग त्यांनाही हसू आवरेना. दोन पेठांच्या दोन पोरी एकमेकींना चेंडू द्यायला तयार नव्हत्या, घरी काय सांगायचं म्हणून. खो म्हटल्यावर त्यांनी दिला. खो-खोत पेठा नव्हत्या ना. हळूहळू आम्ही कमी फरकानं हरू लागलो, मग बरोबरी, मग एके दिवशी सांगलीकडच्या एका संघाला हरवून आलो, आणि मुली एसटीत इतक्या ओरडल्या की कंडक्टरनं गाडी थांबवायची धमकी दिली.

गोलकीपर मात्र मिळत नव्हती. ती सापडली माझ्या दारात. मी इंग्रजी शिकवत होते, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते. मागच्या अंगणात पेरूचं झाड होतं. एक मुलगी झाडावरून पेरू फेकत होती आणि खाली मंगल नावाची दुसरी, शिरोळकडची, एकेक पेरू एका हातानं झेलत होती. एकही खाली पडला नाही. मी दोघींना रागवायला निघाले होते. सुमननं माझा दंड धरला. "बाई, थांबा. अजून दोन फेकू दे."

मंगलचे वडील लहानपणीच वारले होते. घरात आई, जिला सगळे आक्का म्हणत, आणि शब्द चालायचा तो चुलत्यांचा. ऊस, म्हशी, बागायत. मुलीला शिकायला ठेवलं होतं ते स्थळ चांगलं यावं म्हणून. मंगल गोलात उभी राहिली आणि आमचा संघ बदलला. उपांत्य सामन्यात तिनं पेनल्टी अडवली तेव्हा बघ्यांनी टोप्या उडवल्या. आम्ही विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचलो. कॉलेजनं घाईघाईनं संघाला ट्रॅकसूट शिवून दिले. पांढरे, कारण ते ठरवणाऱ्यांपैकी कुणी कधी मैदानावर पडलेलं नव्हतं.

सामना रविवारी होता. शुक्रवारी मंगलचे चुलते वसतिगृहाच्या फाटकात हजर. "बाई, पोरीला न्यायला आलोय. रविवारी पावणं येणार हाईत बघायला. पोरगं कारखान्यावर हाय, परमनंट." मंगलला हे आधीच कळलं होतं. सकाळी सुमनपुढे ती रडून बसली होती, "मॅडम, मला जायचं न्हाई. काय बी करा." तर सुमननं काही बी केलं. ती फाटकाशी गेली आणि म्हणाली, "आबा, मंगलला कांजिण्या आल्यात."

"कवा?"

"काल. अंगभर हाईत. डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हटलंय."

आबा दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुमन कॉलेजात कच्ची, तासांवर नेमलेली. मी पक्की, केस पिकलेली, इंग्रजीची. मी मान हलवली. त्या अजिंक्यपदातला माझा सहभाग एवढाच. मंगल त्या वेळी मागच्या टाकीवर मोजे धूत होती.

रविवारी मंगल पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी घेऊन गेली नाही. ती हातमोजे घालून गोलात उभी राहिली. करंडक आमच्याकडे आला. प्राचार्यांनी तो स्वतःच्या टेबलावर ठेवला, आणि जो येईल त्याला तो कसा मिळवला हे ते सांगू लागले. कारखान्यावरच्या मुलाला दुसरी मुलगी पसंत पडली. अशा मुलांना थांबायची सवय नसते.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण सुट्टीत घरी जाऊन मंगल परत आली ती तोंड उतरवून. म्हणाली, "मॅडम, कांजिण्यांचं ऐकून आईनं नवस बोललाय. पोरीच्या तोंडावर डाग ऱ्हाऊ दे नको, हाय तोवर दर चैत्रात जोतिबाचा डोंगर पायी चढीन. तिचं गुडघं बघितलासा काय तुम्ही?" मला हसू आलं, आणि मी हसले. सुमन हसली नाही. बराच वेळ ती चेंडूतली हवा दाबून बघत राहिली.

पुढच्या चैत्रात ती शिरोळला गेली, आक्कांना घेऊन आली आणि त्यांच्याबरोबर डोंगर चढली. त्या वर्षी, आणि मग दरवर्षी. सुमनचं घर छप्पन्न सालापासूनचं बौद्ध. तिचा भाऊ चिडून म्हणाला होता, "आपल्या घरातलं कोण त्या डोंगरावर गेलं न्हाई इतक्या वर्षांत, आणि तू चाललीस नारळ घेऊन?" ती म्हणाली, "मी नारळ घेऊन न्हाई, आक्काला घेऊन चाललीय." देवळात ती जात नसे. आक्का दर्शन घेऊन येईपर्यंत बाहेर चपला सांभाळत बसे. पण जोतिबावर चैत्रात बाहेर बसलेल्यालाही गुलाल चुकत नाही. तो पांढरा ट्रॅकसूट घालूनच ती जायची, का ते मी कधी विचारलं नाही. त्याचं जॅकेट पहिल्याच वर्षी खांद्यांवर गुलाबी झालं. धुतलं तरी निघेना. पुढच्या वर्षी बाह्या, मग पाठ.

ती परत आली की मी विचारायचे, "आक्कांना खरं सांगितलंस?"

"न्हाई बाई. सांगणार होते. शेवटच्या पायऱ्यांना त्या माझ्या खांद्यावर हात टाकून चढत होत्या. तिथं कसं सांगू?"

पुढच्या वर्षी, "नारळ फोडत होत्या." त्याच्या पुढच्या वर्षी, "वाटेत भाकरी सोडली, पहिला तुकडा मला दिला." दरवर्षी नवं कारण असायचं, आणि दरवर्षी ते खरं असायचं.

मधल्या काळात मंगलचं लग्न झालं, इचलकरंजीला. नवरा प्यायचा. दोन वर्षांत ती मुलाला कडेवर घेऊन आक्कांकडे परत आली आणि म्हशी बघू लागली. त्यानंतर सुमनला मी आणि मंगलनं कितीही समजावलं तरी उपयोग नव्हता. कारखान्यातला तो मुलगा सुपरवायझर झाला ही बातमी मला तिनंच आणून दिली. त्यानं मोटारसायकल घेतली, घरावर मजला चढवला, सगळं तिला ठाऊक असायचं. एखाद्या संघावर पाळत ठेवावी तशी ती त्याच्यावर ठेवून होती. मजल्याची बातमी सांगायला आली तेव्हा तिनं चहासुद्धा घेतला नाही. मंगल तिला म्हणाली होती, "मॅडम, त्याची बायको आणि मी एकाच डेअरीला दूध घालतो. ती काय सुखात न्हाई. मला ठाऊक हाय." सुमन म्हणाली, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतीस."

संघ मात्र चालत राहिला. करंडक पुन्हा आला, आमच्या मुली विद्यापीठाच्या संघात गेल्या, "खो" म्हणून ओरडणाऱ्या पोरींना सगळीकडे लोक ओळखू लागले. सत्कार व्हायचे. सुमन कधी स्टेजवर जायची नाही, मुलींना पुढे करायची आणि मागच्या दाराशी उभी राहायची. याला सगळे विनय म्हणायचे. मीही दोनदा भाषणात म्हटलं. तो विनय नव्हता हे ठाऊक असलेली मी एकटीच होते. स्टाफरूममध्ये मी तिच्या डोंगराची गोष्ट रंगवून सांगायचे, कांजिण्या वगळून. बौद्ध बाई जोतिबाला जाते एवढ्यावरच लोक हसायचे. शोकसभेत प्राचार्यांनी त्याच डोंगराचा सर्वधर्मसमभाव केला. बोलता बोलता त्यांनी दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ही दुसरी वेळ.

गेल्या पंधरवड्यात आक्का आणि मंगल माझ्याकडे आल्या. आक्कांच्या केसांत अजून गुलाल होता. खुर्चीत न बसता त्या जमिनीवर बसल्या, गुडघे पसरून. "यंदा एकटीच गेलतो," त्या म्हणाल्या. "चपला सांभाळायला कोण न्हवतं. हातात घेऊनच आत गेलो."

मी ठरवलं, आता तरी. सुमनच्या वतीनं. "आक्का, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तेव्हा मंगलला कांजिण्या…"

"आल्या न्हवत्या," आक्का म्हणाल्या. "चार पोरं वाढवल्यात मी बाई. कांजिण्या येऊन गेलेलं तोंड मला वळखंना व्हय? सुट्टीला घरी आली ती अशी गुटगुटीत. एक डाग न्हाई."

मंगल फरशीकडे बघत होती. तिलाही हे नवं होतं असं दिसलं.

"मग डोंगर कशाला चढलात?"

"बोललोतो न्हवं. देवाला काय सांगू, पोरगी खोटीच आजारी पडलीती म्हणून?" पदरानं त्यांनी कपाळ पुसलं. "तिनं सांगाय पायजे हुतं. दर साल वाटायचं, यंदा सांगती. तोंड उघडायची, आणि पाणी प्यायची. मी म्हटलं, चढू दे. खोटं तिनं बोललंय, डोंगर बी तिनं चढू दे."

मग आक्का हळूच म्हणाल्या, "आणि मला बी सवय लागलीती. ही माझ्या पोटची, एकदा बी आली न्हाई."

"म्हशी कोण बघणार, आई?" मंगल म्हणाली.

"व्हय, म्हशी." आक्कांनी बराच वेळ गुडघा चोळला. "सोडाय पायजे हुतं तिला… दोन वर्षांतच सोडाय पायजे हुतं. एवढा खांदा दिला तिनं. म्हणाय पायजे हुतं, बाय, मला ठाऊक हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बहुतेक मी नाही म्हणावं म्हणून. मी मान हलवली, आणि ती कुठल्या बाजूला हलवली ते मलाही कळलं नाही.

सुमनच्या भावानं ते जॅकेट कॉलेजला दिलं. जिमखान्यातल्या काचेच्या कपाटात ते करंडकाशेजारी हँगरला लावलं आहे. खांदे, बाह्या आणि पाठ गुलाबी, पोटाकडे थोडं पांढरं. खाली सुवाच्य अक्षरांत कार्ड आहे: विद्यापीठ अजिंक्यपदाच्या थरारक अंतिम सामन्यानंतर उधळलेला विजयाचा गुलाल. त्या दिवशी गुलाल उधळला गेला नव्हता. सामनाही झाला नव्हता. समोरचा संघ आलाच नाही. पंचांनी अर्धा तास वाट पाहिली, आम्हाला पुढे चाल दिली, आणि मंगलनं हातमोजे काढले.