चांगुणाची भिंत

मुरुडच्या कोळीवाड्यात सन तीसच्या सुमाराला चांगुणाइतकी जिवाला घोर लावून घेणारी बाई दुसरी नव्हती. पावसाळा लागला की तिच्या चुलीमागची मातीची भिंत ओली व्हायची आणि चांगुणा घर डोक्यावर घ्यायची.

एका वर्षी तिने नवऱ्याला, धाकूला, छपरावर चढवून फुटकी कौलं बदलून घेतली. भिंत ओलीच. पुढच्या वर्षी तिने स्वतः घरामागे चर खणला, बाहेरून झावळ्यांचे झाप बांधले. तरी पोपडे पडायचे थांबेनात. मग शेजारणीशी कडाक्याचं भांडण झालं. "तुज्या पागोळ्यांचं पानी माज्या भिंतीत मुरतंय!"

खरं उत्तर दिलं ते शेजारणीच्या शेळीने. एके दुपारी ती घरात शिरली आणि चुलीमागची भिंत चाटू लागली. काठी उगारलेली चांगुणा तशीच थबकली. शेळी माती कशाला चाटेल?

त्याच भिंतीला टेकून मासे खारवायच्या मिठाचा ढीग होता, सासूच्या काळापासून. मीठ म्हणजे लक्ष्मी, ते घराबाहेर ठेवायचं नाही. पावसात मिठाला पाणी सुटतं, हे चांगुणाला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण भिंतीने ते मीठ पिऊन ठेवलंय, हे मनातच आलं नव्हतं.

तिने मीठ रांजणात भरून फळीवर ठेवलं. धाकूने खारट माती खरवडून नवी लिंपली. पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली.

चांगुणाला मात्र चैन पडेना. रोज सकाळी, कुणी बघत नाहीसं पाहून, ती स्वतःच भिंतीला जीभ लावून बघायची.