काढणीच्या दिवसांत झोपायला गेलेली वहिनी

"आत्या, आई उठेनात..." रूपालीचा फोन आला तेव्हा मी नाशिकरोडच्या घरी चहाचं आधण ठेवत होते. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, नुसतं नवल होतं. तिची सासू, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची कुसुमवहिनी, रोजच्यासारखी जेवून आडवी झाली आणि दुपारच्या झोपेतच गेली. आता दीड महिना होत आला. रडू येतं, खोटं कशाला बोलू? पण तिच्याबद्दल सांगायला बसलं की आधी हसूच येतं. कारण ही बाई मनातलं पुरं करून गेली. असं आपल्या ओळखीतल्या किती बायकांबद्दल म्हणता येईल?

सायखेड्याला आमची द्राक्षबाग. बागवाल्यांच्या घरात दिलेल्या मुलीला आयुष्यात दोन छाटण्या ठाऊक असतात, एक एप्रिलची आणि एक ऑक्टोबरची. मधल्या दिवसांत विरळणी, फवारण्या, आणि मग काढणी. वेलीला उसंत नाही, तर माणसाला कुठून असणार? वहिनी लग्न होऊन आली ती थेट या चक्रातच. दुपारी कधी पाठ टेकली तर सासू, म्हणजे माझीच आई, ताटल्या जरा जोरात आपटायची. वहिनी उठून कामाला लागायची. तिची जीभ तिखट होती, पण ती योग्य गिऱ्हाईक बघून चालायची.

एक वर्षी अण्णा, माझा थोरला भाऊ, बागायतदारांच्या अभ्यास दौऱ्यावर युरोपला जाऊन आला. असल्या दौऱ्यांवर जातात ते पुरुषच. ते यंत्रांशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि जेवणाला नावं ठेवत परत येतात. अण्णाच्या एका फोटोत मागं डोंगरउतारावर काळे, ओकेबोके खुंट उभे होते. पान नाही, माणूस नाही. वहिनीनं फोटो जवळ घेतला. "बाग जळली का काय हो यांची?"

"नाय गं. झोपलीय. थंडीत झोपते तिकडं बाग."

"आन् माणसं?"

एवढा दौरा करून आलेल्या अण्णाला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. वहिनी फोटो हातात धरूनच अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला तिथं राहायचंय." बघायला नाही, राहायला. आपल्या हातात घराची चावी पाहिजे, दारातला केर आपण काढायचा, भाजी आपण आणायची. बसमधून उतरून फोटो काढण्याला ती राहणं म्हणायला तयार नव्हती.

आता युरोपात राहायचं ते नेमकं कुठं? पुढची काही वर्षं आमच्या घरात हाच विषय. विरळणीला बसलं की रूपालीच्या मोबाइलवर गावं बघायची आणि वहिनीनं ती नापास करायची. पॅरिसला तिनं पहिल्या फटक्यात काढून टाकलं, "तिथल्या बाया भाजीलासुद्धा नटून जात्यात, मला नाय जमायचं." इटलीतलं तळ्याकाठचं एक गाव मला फार आवडलं होतं. ती म्हणाली, "लय देखणं हाय. तिथं घर घेतलं का पाव्हणे हटायचे नाय." जर्मनीतली एक नदी, काठानं चढत्या बागा, सगळं मनासारखं जमत आलं होतं. पण रूपालीनं कुठंतरी वाचलं, तिथं रविवारी कपडे बाहेर वाळत घातलेले शेजाऱ्यांना खपत नाहीत. ते गाव तिथंच बाद झालं. शेवटी पोर्तुगालच्या उत्तरेकडं, एका नदीच्या खोऱ्यात, तिला पाहिजे ते सापडलं. पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, खाली नदी, गॅलरीत वाळणारी धुणी आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या. "हे आपलं," ती म्हणाली.

बाग झोपलेली बघायची तर जानेवारीत जायला हवं. आणि जानेवारीत आमच्याकडं काढणी. पहिला घड घरच्या बाईनं कापायचा, मग मजुरांनी कात्री लावायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. आईनंतर तो घड कायम वहिनीच्या हातचा. अण्णा म्हणाला, "काढणी उरकू दे, एप्रिलात जा."

"एप्रिलात तिकडची बाग जागी व्हईल. मग मी काय बघू?"

"आन् इथला पहिला घड?"

"रूपाली हाय ना."

अण्णा दोन दिवस धुमसला. गावात कुजबूज झाली, माल तयार आणि मालकीण फिरायला चालली. मला वाटलं, आता ही माघार घेणार. तिसऱ्या दिवशी वहिनीनं आपली कात्री धुऊन पुसून रूपालीच्या हातात दिली आणि मला फोन केला, "मालू, तुझा पासपोर्ट काढ. मी एकटी बडबडू कुणाशी?" मी निवृत्त, एकटा जीव. मला कोण अडवणार होतं?

तर आम्ही नणंद-भावजय व्हिसा संपेपर्यंत त्या गावात राहिलो. आणि पहिल्याच सकाळी आमची फजिती झाली. वहिनी शाल गुंडाळून झोपलेली बाग बघायला निघाली, तर वेली झोपलेल्या खऱ्या, पण सगळं गाव कात्र्या घेऊन त्यांच्यात वाकलेलं. तिकडं एकच छाटणी असते, आणि ती नेमकी थंडीत, बाग झोपेत असताना! इतकी वर्षं बागेत काढलेल्या बाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. अण्णाच्या फोटोत माणसं नव्हती, कारण फोटो बहुतेक जेवणाच्या सुट्टीत काढलेला. वहिनी बांधावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

आमची घरमालकीण लुर्देसबाई त्याच बागेत होती. हातवाऱ्यांतून तिला कळलं की ही पाहुणी द्राक्षवालीच आहे. तिनं कौतुकानं आपली कात्री पुढं केली. मला वाटलं, वहिनी घेणार. हात शिवशिवत असणारच. पण वहिनीनं दोन्ही हात शालीत घातले आणि ठणठणीत मराठीत सांगितलं, "नाय बाई. मी इथं राहायला आलेय, कामाला नाय." लुर्देसबाईला काय समजलं देव जाणे, पण ती मान डोलवून हसली.

मग वहिनी खरोखर राहिली. पाव आणायला स्वतः जायची, दारातला केर काढायची. धुणं गॅलरीत घालायची, थंडीत ते वाळायचं नाही, तरी घालायची. आणि जेवण झालं की लोकरीचं पांघरूण ओढून झोपायची. अशाच एका दुपारी रूपालीचा फोन आला. उद्या सकाळी पहिला घड कापायचा होता आणि तिचा हात धजत नव्हता. वहिनी डोळे न उघडताच म्हणाली, "तूच काप. कुणी विचारलं तर सांग, सासूबाई झोपल्यात." फोन माझ्या हातात देऊन ती कुशीवर वळली. तिच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

परत आल्यावर तिनं घरात एकच कायदा केला. जेवणानंतर दोन तास सगळं बंद. पंप बंद, माल भरायची शेड बंद, ऐन काढणीतसुद्धा. अण्णानं आधी कुरकुर केली, मग तोच सगळ्यांत आधी घोरायला लागला. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजूर बाया आता आधी आमच्या बागेला होकार देतात, मग बाकीच्यांना.

गेल्या आठवड्यात काढणी सुरू झाली, म्हणून गेले होते. पहिला घड रूपालीनं कापला. डोळे पुसले आणि घड अलगद क्रेटमध्ये ठेवला. जेवणं झाली, शेडमध्ये बाया आडव्या झाल्या, पंप थांबला. तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन वाजला. गाडी दारात उभी आहे, माल कधी भरता? मला वाटलं, आता अण्णा उठणार. ती गेल्यावर कायदा कोण पाळतो?

अण्णा पडल्यापडल्याच बोलला, "गाडी उभी हाय ना? मग ड्रायव्हरला सांगा, त्यानंबी जरा आडवं व्हावं. आमच्या हिची झोपायची वेळ हाय."

त्यानं फोन पालथा ठेवला, आम्ही निघताना लुर्देसबाईनं वहिनीला दिलेलं ते लोकरीचं पांघरूण पायावर ओढलं आणि डोळे मिटले. मीही तिथंच चटई टाकली.