साडूंची मॅडम

या भूतलावर मला कोणाचा मनापासून हेवा वाटला असेल, तर तो माझ्या साडूंचा. लढाईच्या दिवसांत ते नगरच्या कॅम्पात गोऱ्या पलटणीचे आचारी होते. नोकरी सुटल्यावर इतरांनी घोंगड्या, बूट असलं काहीबाही आणलं. यांनी एक पांढरी विलायती डुकरीण आणली आणि बेलापुरात आमच्या कुंपणाला लागूनच तिचं बिऱ्हाड थाटलं. तिचं नाव मॅडम. स्वतःच्या घरात शेणाची जमीन, पण मॅडमच्या खोपटात सांडपाणी वाहून जायला उतार दिलेली फरशी! आळीतलं खरकटं गोळा करून ते आधी उकळायचं, निववायचं, मग तिच्यापुढे. बोलणं सगळं इंग्रजीत. मराठीला ती बिचकते, असं त्यांचं म्हणणं. ऊन चढलं की तिच्या पाठीला करडीचं तेल चोळत. "गोरी कातडी हाय दाजी, लगीच भाजती," असं मलाच वर समजावत. एकदा हे कुंपणावरून बघून आमची ही म्हणाली, "माझं डोकं दुखतं तवा तुमी पेपर वाचता." त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

मॅडमला पिल्लं झाली आणि सगळी आळी तिकडे लोटली. माझ्याकडेही एक तुरेबाज कोंबडा होता, हातावरचे दाणे टिपायचा; पण कोंबडा बघायला कोण येतं? तेही मी सोसलं असतं. मात्र नाताळचं जेवण आमचे सासरे दरवर्षी थोरल्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे घेत. तेवढा एकच मान माझ्या वाट्याला होता. त्या वर्षी म्हणाले, "औंदा धाकट्याकडं. घरचं डुक्कर हाय त्याच्याकडं." माझा नुसता जळफळाट झाला.

नाताळच्या सकाळी साडू दारात उभे, डोळे लाल. "दाजी, पिल्लानं माझ्या तोंडाकडं बघितलं. सुरी चालंना. तेवढा तुमचा कोंबडा द्या." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता चारचौघांत फजिती होणार! कोंबडा मी स्वतः कापून, साफ करून दिला. पानावर बसताच सासऱ्यांनी डुकराचं विचारलं. साडूंनी मान खाली घालून खरं ते सांगितलं. सासरे हसले, आपल्या हातांनी त्यांना वाढत म्हणाले, "जीव लावला की असंच हुतं." मग माझ्याकडे वळले. "त्यो कोंबडा तर तुमच्या हातावर दाणं टिपायचा न्हवं? तुमाला बरा कापवला?"

पुढच्याच बाजारी साडूंनी तसाच दुसरा कोंबडा आणून दिला. आता मॅडम गेली, सासरे गेले, गेल्या साली साडूही गेले. तो दुसरा कोंबडा मी कधीच कापला नाही. म्हातारा होऊन आमच्या ओसरीवरच मेला. उन्हाळ्यात त्याची पाण्याची वाटी मी सावलीत सरकवायचो, कुंपणापलीकडून कोणी बघत नाही ना याची खात्री करून. साडूंना हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्या माणसाला अगदी मनापासून आनंद झाला असता, आणि तो मला बघवला नसता.