डिसेंबरनंतर एक्स्पायर

आपल्याच समाचाराला आलेल्या माणसांना आपणच पाणी विचारलंय का कधी? मी विचारलंय! कसं, ते काय सांगू आता तुम्हाला…

मी धंतोलीत एका दवाखान्यात बसतो. एमबीबीएस आहे, पुढे मेडिसिनचं ट्रेनिंगही पूर्ण केलं. स्पेशालिस्टची शेवटची परीक्षा तेवढी राहिली. आणि तिला मुदत असते हो! ठरलेल्या वर्षांत सुटलात तर ठीक, नाहीतर पात्रताच बाद.

तर एकदा बायकोला फोनवर म्हणालो, "हा शेवटचा चान्स. डिसेंबरनंतर मी एक्स्पायर!"

दाराशी काटोलचे भाऊरावकाका बसले होते, माझे जुने पेशंट. बीपी न दाखवताच उठून गेले. मला वाटलं, बसची घाई असेल.

दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन हजर! सोबत पिशवीभर संत्री.

"साहेब, डिसेंबरचं खरं हाये काय?"

माझी परीक्षा काटोलपर्यंत पोचली? आता लपवून काय उपयोग! म्हटलं, "हो काका."

"मुंबईले, दिल्लीले इचारलं काय?"

"सगळीकडे नियम एकच."

"नियमच हाये बाप्पा तो! मुदत वाढून नाही भेटत काय?"

"अर्ज केला होता. वरून नाही आलं."

काकांनी छताकडे पाहून हात जोडले. मला जरा जास्तच वाटलं, पण म्हटलं, माणूस भाविक आहे.

काकू म्हणाल्या, "घरी मालूम हाये?"

"आहे ना. बायको म्हणते, एकदाचे सुटा, म्हणजे आम्हीही सुटू."

"अवं माय! कशी वं बाई हे!"

"निकाल लागला की चौकात फोटोसकट बॅनर लावू, काकू!"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि हंबरडाच फोडला.

"अहो, रडता काहून? परीक्षाच आहे!"

"परीक्षाच तं पाहते देव!"

"देव नाही हो, दिल्लीवाले घेतात! पेपर असतो, पेपर!"

मग सगळं समजावून सांगितलं. मी पाणी मागवलं, कोणी प्यायलं नाही.

"म्हंजे तुम्ही मरून नाही राहिले?" काकांनी विचारलं.

"नाही."

"अन् पासही नाही झाले?"

"…नाही."

एमबीबीएस केव्हाच झालोय, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर काकांनी संत्र्यांची पिशवी उचलली होती.

बाहेर काकू रिसेप्शनवरच्या मुलीला विचारत होत्या, "बाई, इथं पास झालेला डॉक्टर कोन्या दवाखान्यात बसते वं?"